नाकसाहेबांचे पंधरा दिवस

एकतीस वर्षं मी सिगारेट ओढली, पण तिला कधी डोक्यावर बसू दिलं नाही! हे मी भेटेल त्याला ऐकवत असे. "मनात आलं तर उद्या सोडीन! आणि एकदा सोडली की संपलं, मागे वळून बघणार नाही!" आता ते मनात येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी. मनात काय यावं आणि काय येऊ नये, हे कुणाच्या हातात असतं का? तुम्हीच सांगा.

मी करतो काय, ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचा घोटाळा तुमच्या लक्षात यायचा नाही. मी साबणाच्या कारखान्यात नाक आहे. हसू नका! कागदावर माझा हुद्दा चांगला लांबलचक आहे, पण सगळे मला नाकसाहेब म्हणतात. आमचा साबण एकच. हिरवा, लांबट आणि वासाला असा खणखणीत, की त्याने अंघोळ केलेला माणूस तळमजल्यावर जिना चढायला लागला की तिसऱ्या मजल्यावर कळतं. त्यात सुगंधी तेल किती घालायचं, ते मी ठरवतो. साबणाचा चुरा मोठ्या पिंपात फिरत असतो, मशीनवाला मापट्याने तेल ओतत असतो आणि मी शेजारी डोळे मिटून उभा असतो. मधूनमधून कागदाची एक बारीक पट्टी तेलात बुडवायची, नाकाखालून फिरवायची, पिंपावर वाकायचं. नाक "बास" म्हणालं की मी बोट वर करतो. झालं काम! मोजमाप नाही, तराजू नाही. मालकांच्या वडिलांपासूनची ही पद्धत, आणि गेली एकोणीस वर्षं ते बोट माझं.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे केमिस्टबाई आल्या, त्या सारख्या मागे लागायच्या. "सर, एकदा वजन करून लिहून ठेवू या ना!"

"बाई," मी म्हणायचो, "गाणाऱ्याला कधी विचारलंत का, आज सूर किती ग्रॅम लावलात म्हणून?"

मला माझंच कौतुक वाटायचं. मग मी गेटवर जाऊन वॉचमनमामांबरोबर सिगारेट ओढायचो. मामांचा आणि माझा ब्रँड एक, वर्षंही जवळपास तेवढीच. सकाळी पिंपापाशी उभं राहण्याआधी चार सिगारेटी, हा माझा शिरस्ता होता. त्याने नाक तयार होतं, अशी माझी ठाम समजूत!

असं सगळं झकास चाललेलं असताना मी आजोबा झालो.

लेक दोन गल्ल्या पलीकडे राहते. दवाखान्यातून ती बाळाला घेऊन घरी आली, त्या संध्याकाळी मी नवा शर्ट घालून, दोन्ही हात पुढे करून तिच्या दारात हजर झालो. तर ती दोन पावलं मागे सरकली!

"बाबा, साबणाचा वास येतोय."

"मग? हात धुतलेत मी! दोनदा!"

"तेच म्हणतेय. शाळेतून न्यायला यायचात ना, तेव्हापासून ओळखते मी. हाताला साबण, तोंडात लवंग आणि चेहऱ्यावर ते हसू. म्हणजे कोपऱ्यावर नुकतीच विझवलेली असायची!"

मी ते हसू लगेच काढून टाकलं. मागे जावई उभे होते. "जाऊ दे गं, आजोबा आहेत ते," ते म्हणाले. किती समजूतदार मुलगा!

"याच्याकडून शिका जरा," लेक म्हणाली. "बाळाला हात लावायच्या आधी दर वेळी गॅलरीतल्या नळावर हात धुऊन येतो. दर वेळी! तुम्ही असं करा, पंधरा दिवस सिगारेट सोडा. एकही ओढायची नाही. मी स्वतः वास घेईन आणि बाळ तुमच्या मांडीवर देईन. मध्ये एक जरी ओढलीत, तर पुन्हा पहिल्यापासून. तोवर दोन हात लांब राहायचं."

"पंधराच?" मी हसलो. "महिना म्हण की!"

"चालेल. महिना."

"नाही नाही, पंधरा ठीक आहे."

त्या दिवशी मी नातीला दोन हात लांबून पाहिलं. दुपट्यातून एक पाऊल बाहेर आलं होतं. माझ्या अंगठ्याएवढं असेल नसेल. ते पाऊल एकदा हातात धरावं, एवढंच मला वाटत होतं. बाकी सगळ्यांनी धरलं हो! दोन्ही आज्यांनी धरलं, शेजारच्या बाईंनी धरलं. पंखा दुरुस्त करायला आलेल्या इलेक्ट्रिशियनच्याही हातात लेकीने बाळ दिलं, कारण दूध उतू चाललं होतं! मी शिडी धरून उभा होतो. शिडी म्हणजे दोन हातांच्या बाहेर.

पहिला दिवस मी अगदी मजेत काढला. म्हणजे सकाळी दहापर्यंत. त्यानंतर माझे हात माझं ऐकेनात. उजवा हात आपणहून खिशात जायचा, तिथे काही नाही म्हटल्यावर डाव्या खिशात जाऊन बघायचा. मी खिशात पेन्सिल ठेवली. दुपारी बायकोने मला पेन्सिल ओढून बशीत राख झटकताना पाहिलं आणि बशी उचलून नेली.

दुसऱ्या दिवशी मी बँकेच्या फिरत्या दारावर ओरडलो. तिसऱ्या दिवशी एका दुकानात पाटी वाचून भडकलो. पाटीवर "पुन्हा या" लिहिलं होतं. "का म्हणून येऊ?" मी दुकानदाराला विचारलं. "माणसाला काही कामंधामं नाहीत का?" त्याने मला पाणी दिलं. घरी मी इतकं खात होतो, की बायकोने डब्यांवर डबे रचून त्यावर इस्त्री ठेवली. शेंगदाणे खाऊन झाले, बडीशेप खाऊन झाली, शेवटी बाटलीतलं खोकल्याचं औषध "जरा चव बघू" म्हणून अर्धं संपवलं. खोकला नव्हताच. तो सिगारेट सोडल्यावर आला! असा उफराटा न्याय मी कुठे पाहिला नव्हता.

कारखान्यात त्या मानाने बरं होतं, कारण तिथे पट्ट्या होत्या. मघाशी सांगितल्या त्याच, तेल हुंगायच्या. बारीक, पांढऱ्या, बोटांत धरायला अगदी हव्या तशा. चौथ्या दिवशी पट्टी नाकाकडे नेता नेता मी कधी ओठांत धरली, मला कळलंसुद्धा नाही. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! एक चावून संपली की दुसरी. मशीनवाला बघत होता. "साहेब, तेलात बुडवलेली आहे ती," तो म्हणाला.

"मला कळतंय," मी म्हणालो. मला मुळीच कळलं नव्हतं!

संध्याकाळी घरी गेलो आणि दारातच बायकोने कमरेवर हात ठेवले.

"किती ओढल्यात?"

"एकही नाही! शपथ!"

"तोंड उघडलंत तर अख्ख्या घरात घमघमाट सुटलाय! एक ओढायचात तेव्हा हात धुवायचात. आज चूळही साबणाने भरलीत? दहा तरी ओढल्या असतील!"

बघा, म्हणजे एकतीस वर्षं गुन्हा केला तेव्हा चार-दोन वेळा पकडला गेलो, आणि निर्दोष असताना रंगेहाथ! मी पट्टीची गोष्ट सांगितली. ती ऐकताना मलाही खोटी वाटली. कोणता शहाणा माणूस साबणाच्या सेंटमध्ये बुडवलेला कागद चावेल?

दुसऱ्या दिवसापासून मी खबरदारी घेतली. पट्ट्या कोऱ्या चावायच्या. निघताना नुसत्या पाण्याने तोंड धुवायचं. कारखान्याचा वास अंगाला लागू नये म्हणून शर्टाचा एक जादा जोड गेटवर मामांच्या खोलीत ठेवायचा, तिथेच बदलायचा. बदललेले शर्ट मी पिशवीतून घरी आणायचो, ते बायकोला सापडले. ती थेट लेकीकडे गेली. "अगं, हे आता कपडे बदलून ओढायला लागलेत!"

लेकीने मला बोलावलं. बाळ पाळण्यात, मी दाराशी.

"बाबा, खरं काय ते सांगा."

"बाळाची शपथ, एकही नाही!"

"बाळाची शपथ घ्यायची नाही!" माझी लेक रागावली की तिच्या आईसारखी दिसते. मग म्हणाली, "पुरावा नाही म्हणून मी दिवस मोजतेय. पण पंधराव्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता मी वास घेणार. साबणाचा नको, सिगारेटचा नको. नुसत्या बाबांचा वास यायला हवा."

नुसत्या बाबांचा वास कसा असतो, ते तिला माहीत नव्हतं आणि मलाही. घरी येताना मला त्याचंच वाईट वाटत होतं.

नवव्या दिवशी मी वासाने जागा झालो. आधी वाटलं, काहीतरी सांडलंय. मग कळलं, काही सांडलं नव्हतं, नाक उघडलं होतं! उशीला वास होता, भिंतीला वास होता. वर्तमानपत्राची शाई, बायकोच्या केसांचं तेल, जिन्यातले शेजाऱ्यांचे बूट, सगळं एकदम घरात घुसलं. मी शर्ट काढायला कपाट उघडलं आणि दोन पावलं मागे आलो.

"अगं, यात काय कुजलंय?"

"तुमचे शर्ट आहेत ते," बायको शांतपणे म्हणाली. "लग्न झाल्यापासून मी याच कपाटाशेजारी झोपतेय."

मला लाज वाटली. खरंच वाटली. सगळे शर्ट मी स्वतः धुतले, दोनदा.

पण कारखान्यात गेलो आणि लाज कुठल्या कुठे पळाली. गेटपासूनच तो वास अंगावर आला! डोळ्यांतून पाणी, नाक चुरचुरलं, तीन शिंका. "सेंटचं पिंप फुटलंय!" मी ओरडत आत धावलो. मशीनवाला चहा पीत होता. "कुठे काय साहेब? रोजच्यासारखंच आहे."

पिंप फिरू लागलं. त्याने पहिलं मापटं ओतलं. दुसरं ओतलं. मी बोट वर केलं.

"अहो साहेब, आत्ता तर सुरुवात केली!"

"बास म्हटलं ना!"

त्याने माझ्याकडे पाहिलं, बोटाकडे पाहिलं आणि मापटं खाली ठेवलं. एकोणीस वर्षं त्या बोटाला कुणी प्रश्न विचारला नव्हता, तो तरी काय करणार? त्या दिवशी जो साबण निघाला तो मी हातात घेऊन कितीतरी वेळ हुंगत बसलो. नाजूक, हळुवार, जेमतेम जाणवेल न जाणवेल असा वास! जन्मात पहिल्यांदा मी खरा साबण केला, असं मला वाटलं. पाच दिवस मी असाच साबण करत राहिलो आणि गाड्या भरभरून तो गावोगाव जात राहिला.

पंधरावा दिवस उजाडला. सहा वाजता परीक्षा! मी नुसत्या पाण्याने अंघोळ केली, उन्हात वाळवलेला शर्ट घातला, तोंडात काही घातलं नाही. कुणालाही कुठूनही हुंगू दे, इतका मी कोरा होतो. त्याच कोऱ्या अंगाने कारखान्यात गेलो, तर मालकांचं बोलावणं.

मालकांच्या टेबलावर पंचवीसेक साबण उघडून मांडले होते. मालक एकेक उचलत होते, नाकाला लावत होते आणि ठेवत होते.

"नाकसाहेब, कालपासून फोन थांबत नाहीत. लोक विचारतायत, वास घालायला विसरलात का? एका दुकानदाराने तर कपडे धुवायचा साबण म्हणून विकला! तुमची तब्येत बरी आहे ना?"

"झकास आहे! उलट साबण आत्ता कुठे नीट व्हायला लागलाय."

कोपऱ्यातून केमिस्टबाई म्हणाल्या, "सर, तुम्ही सिगारेट कधी सोडलीत?"

"आज पंधरावा दिवस!" मी ताठ झालो. टाळ्या होतील असं वाटलं होतं.

"तरीच," बाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या हो, अगदी हळू आवाजात बोलल्या. "सर, सिगारेटने वास कमी येतो. म्हणजे एकोणीस वर्षं तुम्हाला कमी यायचा, म्हणून तुम्ही जास्त घालायचात."

एकोणीस वर्षं ज्या नाकावर मी मिरवलो, ते नाक बंद होतं! आणि आमचा तो खणखणीत वास म्हणजे कला नव्हती, काही नव्हतं. मला ऐकू येत नाही म्हणून मी सगळ्या गावावर ओरडत होतो.

"पण लोकांना तोच हवाय!" मालक टेबलावर हात आपटून म्हणाले. "किती मापटी घालायचात?"

"नाक म्हणेल तेवढी."

"मी मशीनवाल्याला विचारलं," बाई म्हणाल्या. "कधी बारा, कधी वीस."

"वीस कधी?"

मी खाली बघून म्हणालो, "घरी भांडण झालं की सकाळी जास्त ओढायचो."

मालकांनी कपाळाला हात लावला. मग खण उघडून एक पाकीट काढलं आणि माझ्यासमोर सरकवलं. माझाच ब्रँड! माणूस तयारीने बसला होता.

"एक ओढा."

"मालक!"

"एकाने काय होतंय? दोन लागल्या तर दोन ओढा. ओढायची, पिंपापाशी उभं राहायचं, बोट वर करायचं. बाई वजन करून घेतील. मग सोडा की पुन्हा, कोण नको म्हणतंय!"

खोटं कशाला बोलू, माझा हात पाकिटाच्या वर पोचला होता. पंधरा दिवस ज्याच्यासाठी जीव कासावीस झाला ते समोर, आणि वर मालकांचा हुकूम! असा योग पुन्हा येणार होता का? घड्याळात साडेदहा झाले होते. सहाला अजून साडेसात तास. मला ते दुपट्याबाहेर आलेलं पाऊल आठवलं.

"नाही जमायचं, मालक," मी म्हणालो. आवाज चांगला भरदार काढायचा होता, पण तो चिरका निघाला.

"मग मला दुसरं नाक बघावं लागेल."

"सर," केमिस्टबाई म्हणाल्या, "याच ब्रँडचं, तेवढ्याच वर्षांचं दुसरं नाक आपल्याकडे आहे."

सगळ्यांनी एकदम खिडकीतून बाहेर पाहिलं. गेटवर वॉचमनमामा धुराची कडी सोडत बसले होते.

मालक भारी काटेकोर. नाक तयार करायचं तर तंतोतंत नाकसाहेबांसारखं तयार करायचं, असा त्यांनी हुकूम काढला. मी सकाळी चार ओढायचो, म्हणजे मामांनीही ओळीने चार ओढायच्या. आणि मी कसा ओढायचो, किती खोल, किती वेळात, हे शेजारी बसून शिकवायचं कोणी? मीच! मामांची ती खोली म्हणजे एक माणूस आणि एक छत्री मावेल एवढी. त्यात आम्ही दोघं, दार बंद.

"मामा, एवढ्या लहान नका घेऊ. जरा खोल."

"अशी?"

"हां! आता आत ठेवा. आत ठेवा हो, लगेच काय सोडता!" माझा आवाज कापत होता. "आता सोडा, हळू, नाकातून."

मामांनी हळू, नाकातून सोडली. माझ्याच तोंडावर! मी डोळे मिटले, श्वास कोंडून धरला आणि मनातल्या मनात सहाचा पाढा म्हणालो. चौथ्या सिगारेटला मामाच कंटाळले. "साहेब, तुम्ही इतकं मन लावून शिकवताय, एक ओढाच ना," ते म्हणाले. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो.

मग मामा पिंपापाशी उभे राहिले. डोळे मिटायला सांगावं लागलं नाही, ते झोपेतच होते. "घाल... घाल... अजून घाल..." चौदा मापटी झाल्यावर म्हणाले, "बास!" पहिली वडी निघाली. मालकांनी ती नाकाला लावली आणि त्यांचे डोळे भरून आले. "हाच! हाच तो वास!" माझी एकोणीस वर्षांची साधना मामांनी पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी उरकली. बाईंनी चौदा मापट्यांचं वजन वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या.

"पण मामा इथे आले तर गेटवर कोण बसणार?" मशीनवाल्याने विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

पावणेसहापर्यंत मी गेटवर होतो, मामांची शिट्टी गळ्यात घालून, मामांच्याच खोलीत. तिथून थेट लेकीकडे निघालो. रस्त्यात एक बाई माझ्या बाजूने जाताना नाकाला रुमाल लावून गेल्या, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शर्ट, केस, मिशा, सगळीकडे मामांच्या चार सिगारेटी! कोपऱ्यावर सार्वजनिक नळ होता, वर साबणाची वडीही ठेवली होती. आमचीच, हिरवी. मी वडी उचलली. आणि ठेवली. साबण लावला तर साबणाचा वास, म्हणजे ओढून आलो! नाही लावला तर सिगारेटचा वास, म्हणजे ओढून आलोच! धुतलं तरी चोर, न धुतलं तरी चोर. सहाला पाच कमी होते. मी तसाच गेलो.

लेक बाळाला घेऊन दारातच उभी होती. बायको आधीच येऊन बसली होती. नातीला नवं झबलं घातलं होतं, म्हणजे लेकीने तयारी केली होती. ती हसत पुढे आली, आणि थांबली.

"बाबा..."

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. तिचे डोळे भरले. "मला या वेळी खरंच वाटलं होतं हो," ती म्हणाली आणि वळली.

"अगं, मी नाही ओढली! वॉचमनने ओढल्या! मी नुसता शिकवत होतो!"

"वॉचमनला सिगारेट शिकवत होतात?" बायकोने विचारलं.

"कंपनीने सांगितलं म्हणून! त्याचं नाक माझ्यासारखं करायचं होतं! साबणाला वास यायला!"

जसजसं मी खरं सांगत गेलो, तसतसं ते जास्त खोटं होत गेलं. शेवटी गळ्यातली शिट्टी दाखवली. तिचा काही उपयोग झाला नाही.

तेवढ्यात गॅलरीतून जावई आले, हात पुसत. "आण गं तिला इकडे," असं म्हणून त्यांनी बाळाला घेतलं आणि माझ्या जवळून आत निघाले. आणि माझं नाक आपणहून वळलं. आईशप्पथ, मला काही बोलायचं नव्हतं! पण एकोणीस वर्षांची सवय, त्यात सकाळी झालेला अपमान. तोंडातून निघून गेलं!

"बारीक सिगारेट. पुदिन्याची. आठ-दहा मिनिटं झाली."

"म्हणजे कबूल करताय!" बायको म्हणाली.

"माझा वास जाडा आहे, मामांचा! हा वेगळा. हा बारीक आहे आणि वर आमचा साबण आहे, दोनदा लावलेला. डाव्या हाताची दोन बोटं. आणि शर्टाच्या खिशात लवंगा."

जावई जागच्या जागी थांबले. लेकीने त्यांचा डावा हात धरून हुंगला. "मला तर नुसता साबण येतोय."

"साबणाच्या खाली बघ."

तिने पुन्हा हुंगलं. मग खिशात हात घातला. चार लवंगा निघाल्या. गॅलरीत जाऊन नळामागे बघितलं, तिथून बारीक हिरवं पाकीट निघालं. त्या गॅलरीतल्या नळावर रोज आठ-दहा वेळा हात धुणारा तो स्वच्छ मुलगा आता कसा दिसत होता म्हणून सांगू! आरशात मी तो चेहरा एकतीस वर्षं पाहिला होता. साबण, लवंग आणि ते हसू.

"बाबांना कसं कळलं?" लेक म्हणाली. "मला नाही कळलं, रोज जवळ असून!"

निकाल बायकोने दिला. "अगं, या माणसाला जन्मभर स्वतःच्या शर्टाचा वास आला नाही. आज दुसऱ्याच्या बोटांचा आला! सोडलीय यांनी. खरंच सोडलीय." आणि ती डोळ्यांना पदर लावून रडायला लागली. पंधरा दिवसांत तिने माझ्यावर विश्वास ठेवला नव्हता, तो एका झटक्यात सगळाच ठेवला.

मला लेकीने शर्ट बदलायला लावला, तोंड धुवायला लावलं, खुर्चीत नीट बसवलं आणि बाळ मांडीवर दिलं. ते पाऊल मी बोटांत धरलं. वाकून तिच्या टाळूचा वास घेतला. मी नाकावर पोट भरणारा माणूस, पण त्या वासाला माझ्याकडे शब्द नाही. दूध होतं, कोवळं ऊन लागलेलं कापड होतं आणि आणखी काहीतरी होतं. मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही. समोर जावई उभे होते, भिंतीला टेकून. दोन हात लांब.

त्यांनाही आता तेच पंधरा दिवस लागू झाले आहेत. आणि लेकीने मला नवं काम दिलंय. रोज सहा वाजता यायचं, जावयांचे दोन्ही हात हुंगायचे आणि आहे की नाही ते सांगायचं. माझ्या नाकावर आता तिचा पूर्ण भरवसा आहे. आल्याबरोबर बाळ मांडीवर मिळतं, वर चहा मिळतो. माणसाला आणखी काय हवं?

आता तुमच्यापासून काय लपवायचं! परवा त्यांचा चौथा दिवस होता. बिचाऱ्यांनी नेहमीसारखे हात पुढे केले. उजवा स्वच्छ. डावा मी नाकाशी नेला, आणि दोन बोटांच्या मध्ये होता! अगदी पुसट, पण होता.

"काय बाबा? आहे का?" लेकीने विचारलं.

"थांब जरा. असं घाईने सांगता येत नाही." मी डोळे मिटले आणि आणखी एकदा घेतला. खोल. आत ठेवला. हळू सोडला.

"बाबा, आहे की नाही ते सांगा ना!"

"बघतोय ना," मी म्हणालो आणि पुन्हा वाकलो. लेक उत्तर मागत होती, मांडीवर नात रडायला लागली होती, जावई हात ओढत होते, आणि मी काही केल्या सोडत नव्हतो.